झँथन गम, काळी माती आणि माझे वाया गेलेले महिने

एम.टेक.साठी काळ्या मातीत झँथन गम (मातीचे कण धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ) घालायचं ठरवलं असेल, तर गम न घातलेले नमुने जास्त बनवा. ते न बनवल्यामुळे माझे सात महिने वाया गेले.

प्रॉक्टर, अ‍ॅटरबर्ग, यूसीएस (नमुना दाबून मोडून ताकद मोजणं) या मातीच्या चाचण्या तुम्हाला येतातच. मी कोरड्या मातीत १ टक्का गम मिसळला, ऑप्टिमम ओलाव्यावर (ज्यावर माती सर्वांत घट्ट बसते) ३८ बाय ७६ मिलिमीटरचे नमुने ठोकले आणि २८ दिवस रॅकवर उघडे ठेवले. पहिल्या दिवशी मोडलेल्या साध्या मातीपेक्षा ताकद कितीतरी पट आली. त्या संध्याकाळी मी आनंदाने घरी फोन केला. पुढे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एवढंच विचारलं, "साधी मातीही २८ दिवस वाळवलीत का?" नव्हती वाळवली.

काळी माती नुसती वाळली तरी दगड होते. मे महिन्यात शेतातलं ढेकूळ हाताने फुटत नाही, त्यात कुठला गम असतो? ओलावा घटला की कणांमधलं उरलेलं पाणी त्यांना एकमेकांकडे खेचतं, तेच सक्शन. गमही ओला असताना जेल असतो आणि वाळल्यावर कणांना धरून ठेवणारा पापुद्रा होतो. दोन्ही परिणाम वाळण्याबरोबरच वाढतात, आणि मी दोन्हींची बेरीज गमच्या नावावर मांडली होती. म्हणून प्रत्येक मुदतीला साधा आणि गमचा नमुना एकाच रॅकवर शेजारी ठेवा. मोडल्याबरोबर तुकडे डब्यात घालून ओव्हनला लावा. ताकदीच्या आकड्याशेजारी त्या वेळचा ओलावा लिहिलेला नसेल, तर तो आकडा खोडून टाका. एक संच प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, वाळू न देता ठेवा. त्याला बुरशी आली तर फेकू नका, फोटो काढून नोंदवा. गम म्हणजे बॅक्टेरियाने साखरेपासून बनवलेला पदार्थ, त्यावर इतर जीव जगणारच.

गम पाण्यात ओतू नका. गुठळ्या होतात, आत कोरडी पूड राहते.

वाळलेले नमुने भिजवूनही बघा, मन घट्ट करून. गम पाणी पिऊन पुन्हा जेल होतो आणि ताकद उतरते. सबग्रेडचा, म्हणजे रस्त्याखालच्या मातीचा, सीबीआर (भार पेलण्याची चाचणी) आपण ४ दिवस भिजवून काढतो, म्हणून शीर्षकात 'सिमेंटला पर्याय' लिहू नका. उतारावरची धूप, धूळ, मातीच्या विटा, इथे मात्र हा गम खरंच उपयोगी आहे. राजस्थानात पिकणाऱ्या गवारीचा गमही जरूर करून बघा.

गाईड मोठ्या नावाचा असावा, हे मला पटत नाही. आठवड्यातून एकदा तरी लॅबमध्ये उभा राहणारा हवा. आमच्या लॅबमधले मामा पहिल्याच महिन्यात म्हणाले होते, "मॅडम, साधे पण ठेवा की थोडे." मी ऐकलं नाही. सीनियरची एक्सेल शीटही उचलू नका, तिच्यातली चूक तुमच्या नावावर छापली जाते.

घाबरू मात्र नका. सगळं पुन्हा केलं, तेव्हा गमचा स्वतःचा वाटा आधीपेक्षा लहान निघाला, पण निघाला. त्याच आकड्यांवर थिसिस झाली.

साधे आणि गमचे नमुने एकाच दिवशी ठोका. मी साधे नंतर मार्चमध्ये ठोकले. तोवर हवा कोरडी झाली होती, ते भराभर वाळले आणि तुलनाच मोडली.