हेल्मेट घातलंय, पण पडताना डोक्यावर राहील का?

नाशिकमध्ये सीबीएसच्या सिग्नलला लाल दिवा लागला की आजूबाजूच्या दुचाक्यांकडे जरा बघा. कुणाच्या हेल्मेटचा पट्टा गालाशी लोंबतोय, कुणी बकल लावलंय पण पट्ट्यातून अख्खी मूठ जाईल इतका सैल, तर कुणी टोपीसारखं हेल्मेट मागे सरकवून कपाळ मोकळं ठेवलंय. घसरून पडताना ही तिन्ही हेल्मेटं पहिल्याच झटक्यात निघून जातात. म्हणून हेल्मेट असो, हातमोजे असोत की बूट, विकत घेताना एकच गोष्ट तपासायची: पडताना हे अंगावर टिकेल का?

आधी डोक्याचं माप. शिंप्याचा टेप भुवयांच्या वर साधारण एक बोट अंतरावर ठेवा, कानांच्या वरून न्या आणि मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग असतो तिथून फिरवा. ५७-५८ सेंटीमीटर म्हणजे बहुधा मीडियम, ५९-६० म्हणजे लार्ज. पण प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा, त्यामुळे त्या मॉडेलचा तक्ता बघायचाच. दुकानात हेल्मेट घालून दहा मिनिटं थांबा, दुकानदार घाई करू लागला तरी. गाल दाबले गेले पाहिजेत. नवीन गाद्या काही आठवड्यांत बसतात, तेव्हा आज अगदी सुखाचं वाटणारं हेल्मेट दोन महिन्यांनी डुगडुगेल. मात्र कपाळावर एकाच जागी कळ येत असेल तर आकारच जुळत नाही. तिथे मोठा साइज घेऊ नका, मॉडेल बदला.

मग दोन चाचण्या. पट्टा लावून हेल्मेट दोन्ही हातांनी डावीउजवीकडे फिरवा: कपाळाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. नंतर मानेकडची कड धरून हेल्मेट वर आणि पुढे ढकला. डोक्यावरून निसटलं तर ते तिथेच दुकानात ठेवून या, कितीही स्वस्त मिळत असलं तरी.

पट्टा हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकाच सैल हवा. दुहेरी कडीचं बकल असेल तर पट्टा दोन्ही कड्यांतून ओवायचा, बाहेरच्या कडीवरून परत वळवायचा, फक्त आतल्या कडीतून काढायचा आणि ओढायचा. टोकाचं बटण हे कुलूप नव्हे, उरलेला पट्टा वाऱ्यात फडफडू नये एवढंच त्याचं काम. दातेरी पट्टीच्या बकलमध्ये धूळ साचते, दात झिजतात. लावल्यावर एकदा हिसका देऊन बघा. सुटलं तर बकल गेलेलं आहे.

भारतात १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही. खुणेजवळ आयएस ४१५१ हा मानक क्रमांक आणि परवाना क्रमांक असतो. परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकून खरा की खोटा ते कळतं. त्याहून सोपी तपासणी म्हणजे आतलं कापड उचलून बघणं. खाली जाड, कडक थर्माकोल असला पाहिजे. नुसता स्पंज असेल तर ती प्लास्टिकची वाटी आहे. अंबड-सातपूरला शिफ्टला जाताना काही जण कंपनीतलं पिवळं हेल्मेटच घालून गाडी चालवतात. ते वरून पडणाऱ्या वस्तूसाठी बनवलेलं असतं, रस्त्यावर आपटण्यासाठी नाही.

धक्का शोषण्याचं काम तो थर्माकोलच करतो, आणि तो दबून करतो. एकदा दबला की परत फुगत नाही. जोराच्या आपटीनंतर बाहेर नुसता ओरखडा दिसला तरी हेल्मेट बदलायचं, ते याचसाठी. आरशावर हेल्मेट अडकवायची सवयही सोडा: आरशाचा दांडा आत टेकतो, रोज थोडा थोडा दाब पडतो आणि काही महिन्यांत बोट जाईल एवढा खळगा होतो. पेट्रोल, थिनर किंवा रॉकेलने पुसू नका, थर्माकोल विरघळतो. निघणारं अस्तर सौम्य शाम्पूच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवा.

आता नाशिकची थंडी. पारा एक आकडी झाला की हेल्मेटखाली लोकरीची जाड माकडटोपी येते. मग हेल्मेट एकतर वर चढून बसतं, नाहीतर टोपीसाठी मोठं घेतलेलं उन्हाळ्यात सैल पडतं. पातळ सुती किंवा होजिअरीची टोपी वापरा. स्कार्फचंही तसंच: एकच पदर आणि गाठ मानेवर, डोक्यामागे नको. केसांचा मोठा क्लिप काढून खाली वेणी घाला. कडक क्लिप डोकं आणि हेल्मेट यांच्यामध्ये खिळ्यासारखा बसतो.

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. नसेल तर कलम १९४ डी खाली एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेटबरोबरच चालकाशी बांधणारा, ३० किलो पेलणारा पट्टा लागतो आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून आहे. शहरात १५ ऑगस्ट २०२१ ला 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झालं होतं. पंपापुरतं घातलेलं हेल्मेट पुढच्या खड्ड्यात काय कामाचं?

पडताना माणूस आधी हात टेकतो. हातमोज्याला तळहाताच्या मनगटाकडच्या भागात कडक तुकडा आणि मनगटाला पट्टा हवा. पट्टा लावून बोटांची टोकं ओढा. मोजा निघाला तर रस्त्यावरही निघेल. लोकरीचे मोजे ऊब देतात, पण ब्रेकच्या लिव्हरवरून घसरतात.

जॅकेट हँडल धरायच्या पवित्र्यात घालून बघा, कारण उभं राहिल्यावर नीट बसलेलं कोपराचं पॅड हात पुढे केला की दंडाकडे सरकतं. पॅडवर ईएन १६२१ हा मानक लिहिलेला असतो. नुसता मऊ फोम असेल तर तो शोभेचा. एप्रिल-मेसाठी जाळीचं जॅकेट घ्या. घोटा झाकणारे बूट घाला आणि लेस आत खोचा. चप्पल पहिल्या घसरणीतच पायातून जाते.

पावसात त्र्यंबकला किंवा कसारा घाटात जायचं तर शर्ट-पँटचा वेगळा रेनकोट, पोंचो नाही. पोंचोचं टोक, ओढणी, साडीचा पदर मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गुंतून माणूस खेचला जातो. ओढणीची दोन्ही टोकं खोचा, साडीगार्ड काढून टाकू नका. पावसात आणि रात्री काळी काच नको. काचेवर वाफ धरली तर ती एक खाच उघडा.

घालायचा क्रम: जॅकेट, हेल्मेट, मग चष्मा, पट्टा, आणि सगळ्यात शेवटी हातमोजे. मोजे आधी चढवले की बकल बोटांना सापडत नाही, आणि 'पुढच्या सिग्नलला लावू' म्हणत पट्टा तसाच लोंबत राहतो.