हाफबॅकने प्रशिक्षक होताना

रग्बी लीगमध्ये, म्हणजे रग्बीच्या तेरा जणांच्या प्रकारात, सात क्रमांकाची जर्सी घालणारा हाफबॅक खेळत असतानाच निम्मे काम प्रशिक्षकाचे करीत असतो. संघाला सहा टॅकलपुरताच (टॅकल म्हणजे चेंडू घेतलेल्या खेळाडूला धरून अडवणे) चेंडू मिळतो आणि सहावा टॅकल होताच तो प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. त्यामुळे पाच टॅकल झाल्यावर किक मारायची, पास द्यायचा की स्वतः घुसायचे, हे बहुधा तोच ठरवतो. पुढे स्वतः प्रशिक्षक होताना हीच सवय आडवी येते, कारण क्षणार्धात सुचलेला तो निर्णय कशावरून सुचला, हे त्याने कधी कोणाला सांगितलेलेच नसते.

म्हणून सुरुवात वहीने करावी. आपल्याच एखाद्या जुन्या सामन्याचा व्हिडिओ लावून, चेंडू हाती येण्याआधी आपण काय पाहिले होते, ते दर वेळी लिहून काढावे: समोरची बचावफळी वेगाने अंगावर आली होती का, कडेचा खेळाडू आत सरकला होता का, सर्वांत मागे राहणारा फुलबॅक कोणत्या बाजूला उभा होता. काम कंटाळवाणे आहे, पण शिकवण्याचा मजकूर यातूनच तयार होतो.

त्यानंतर थेट मोठ्यांचा संघ न घेता किशोरांपासून आरंभ करावा. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा संघाचा हाफबॅक रिकी स्टुअर्ट याने 1989, 1990 आणि 1994 अशी तीन विजेतेपदे मिळवली. तरीही खेळणे थांबवल्यावर त्याने आधी कँटरबरी क्लबचा युवा संघ हाताळला, आणि मगच सिडनी रूस्टर्सचा मुख्य प्रशिक्षक होऊन 2002 साली, पहिल्याच हंगामात, अजिंक्यपद मिळवून दिले.

नागपुरात खेळली जाते ती रग्बी बहुधा युनियनच्या, म्हणजे रग्बीच्या दुसऱ्या प्रकाराच्या, नियमांची, सात जणांची असते, आणि तिच्यात टॅकलची मोजणी नसते. तरीही सरावात सहा टॅकलचा नियम मुद्दाम लावावा. चेंडू हातून जाणार हे ठाऊक असले की मुले आपोआप पुढचा विचार करू लागतात. मात्र लीगमध्ये टॅकल झालेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो, तर युनियनमध्ये त्याच चेंडूसाठी जमिनीवर झटापट चालते. या दोन पद्धती एकाच दिवशी शिकवल्यास मुलांचा निश्चितच गोंधळ उडतो.

सराव सुरू असताना प्रशिक्षकाने गोलखांबांमागे उभे राहून गप्प राहावे, जे माजी हाफबॅकला सर्वांत जड जाते. सहा टॅकल पूर्ण झाल्यावर सात क्रमांकाच्या मुलाला जवळ बोलावून "काय दिसलं तुला?" एवढेच विचारावे, आणि त्याचे उत्तर चुकीचे वाटले तरी पुढची खेळी त्यालाच निवडू द्यावी. एप्रिल-मे महिन्यांत हा सराव पहाटे साडेपाचला सुरू करून सातच्या आत आटोपावा, कारण त्यानंतर नागपूरचे ऊन कोणालाच विचार करू देत नाही.