मिठाने तुमचा बीपी खरंच वाढतो का? घरीच कसं तपासायचं

"आमच्या घरात सगळ्यांनाच बीपी आहे, मग मीठ कमी करून काय उपयोग" म्हणणारे भरपूर भेटतात आणि "मी कितीही खारट खातो, मला काही होत नाही" म्हणणारेही. दोघांचंही थोडंथोडं खरं असतं, पण तुमचं काय ते मोजल्याशिवाय कळत नाही.

आधी आत काय चालतं ते बघू. हृदय नुसता पंप नाही, ते हार्मोनपण सोडतं. 1981 साली कॅनडात अडोल्फो डी बोल्ड आणि त्यांच्या टीमने उंदरांना हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क टोचला तर लघवीतून भराभर मीठ बाहेर पडायला लागलं, त्यामागचा हार्मोन म्हणजे एएनपी. मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्त वाढतं, कप्पे ताणले जातात, मग एएनपी सुटतो आणि किडनी जादाचं मीठ बाहेर काढते, रक्तवाहिन्याही सैल होतात.

हा हार्मोन बनवणारा जीन 1 नंबरच्या क्रोमोझोमवर असतो. त्यात एका जागी बहुतेकांकडे डीएनएचं 'ए' अक्षर असतं, थोड्या लोकांकडे 'जी'. 'ए' असेल तर मायक्रोआरएनए-425 नावाचा बारकासा तुकडा जीनच्या मेसेजला (हार्मोन बनवण्याच्या सूचनेला) चिकटतो आणि हार्मोन कमी बनतो, 'जी' असेल तर त्याला नीट चिकटता येत नाही म्हणून एएनपी जास्त आणि बीपी सरासरी किंचित कमी (किंचितच हं!). बीपीवर असे शेकडो जीन्स परिणाम करतात, त्यामुळे फक्त यासाठी जीन टेस्ट करू नका, पैसे वाया. बीपीचं मशीन पुरे.

पहिले दोन आठवडे खाण्यात काहीच बदलायचं नाही. रोज सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी मोजायचं, त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी-सिगरेट नको, पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय एकावर एक नाही, हात छातीच्या लेव्हलला, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग. लिहून ठेवा, लक्षात राहत नाही.

मग चार आठवडे मीठ कमी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा (टीस्पून), सगळं धरून. पाकिटावर मीठ नाही तर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणा, 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. ब्रेड, सॉस, इन्स्टंट सूप असल्या गोष्टींतही मीठ लपलेलं असतं, नुसतं ताटात वरून घेतलेलं मीठ मोजून चालत नाही. सुरुवातीला सगळं अळणी लागेल, काही आठवड्यांत जीभ रुळते.

शेवटच्या आठवड्याची सरासरी पहिल्या दोन आठवड्यांशी ताडून बघा. वरचा आकडा चार-पाचने उतरला असेल तर मीठ तुम्हाला बाधत असावं. वजनही बघा, कारण लठ्ठपणात हृदयाचे हे हार्मोन कमी असतात. घरची सरासरी 135/85 च्या वर असेल तर डॉक्टरांना वही दाखवा, गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियमवालं 'लो सोडियम' मीठ विचारल्याशिवाय घेऊ नका.