वादळाचं इंग्रजी बुलेटिन बंदरावर कसं वाचायचं

हवामान खात्याचं बुलेटिन मोबाइलवर आलं की आमच्या दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदराची पोरं आधी वादळाचं नाव शोधतात. नाव कळून होडी वाचत नाही. मच्छीमार सोसायटीत हे कागद तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, वाचून दाखवायचं काम माझ्याकडे, म्हणून माझा क्रम सांगतो.

आधी वेळ बघा. ‘आयएसटी’ म्हणजे आपलं घड्याळ. ‘यूटीसी’ असेल तर साडेपाच तास मिळवा.

मग वारा. ताशी 31 ते 49 किलोमीटर म्हणजे ‘डिप्रेशन’, 50 ते 61 ‘डीप डिप्रेशन’. 62 पासून ‘सायक्लोनिक स्टॉर्म’, आणि नाव मिळतं ते इथे. 89 पासून ‘सिव्हिअर’, 118 पासून ‘व्हेरी सिव्हिअर’. नाव पडलं नाही म्हणून निर्धास्त राहणारे मला पटत नाहीत. वाऱ्याचे आकडे दोन प्रकारचे असतात: ‘सस्टेन्ड’ हा सलग वाहणारा, ‘गस्टिंग’ हा मधूनच बसणारा सपाटा. दोर आणि नांगर दुसऱ्या आकड्याला पुरले पाहिजेत.

‘रफ सी’ म्हणजे लाट अडीच ते चार मीटर, ‘व्हेरी रफ’ चार ते सहा. ‘फिनॉमिनल’ म्हणजे 14 मीटरच्या वर; एरवी कौतुकाचा शब्द, इथे नाही.

सगळ्यात जास्त घोळ दिशेचा. ‘नॉर्थईस्टवर्ड्स’ म्हणजे वादळ ईशान्येकडे चाललंय, पण ‘सदर्ली विंड’ म्हणजे वारा दक्षिणेकडून येतोय. शब्दाचं शेपूट नीट वाचा.

‘लॅण्डफॉल’ म्हणजे वादळाचं केंद्र जिथे किनाऱ्याला लागतं ती जागा. ती आपल्या उत्तरेला आहे की दक्षिणेला, हे नकाशावर बघाच. आपल्याकडचं वादळ घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीवर येतो. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ श्रीवर्धनच्या बाजूला लागलं. मुंबई उत्तरेला राहिली, थोडक्यात सुटली. दापोली-मंडणगड दक्षिणेला, आमच्या माडा-पोफळींची काय दशा झाली ते अख्ख्या कोकणाने पाहिलं.

‘स्टॉर्म सर्ज’चा आकडा ‘अबव्ह ॲस्ट्रॉनॉमिकल टाइड’ असा लिहितात. म्हणजे रोजच्या भरतीवर आणखी तेवढं पाणी. तेव्हा तिथीही बघा. ‘निसर्ग’च्या वेळी वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, उधाण, म्हणजे पुनव-अवसेची मोठी भरती, जवळ आलेलं.

इशाऱ्यांचे टप्पे असे: किनाऱ्यावर हवा बिघडायच्या साधारण 72 तास आधी ‘प्री-सायक्लोन वॉच’, 48 तास आधी ‘अलर्ट’, 24 तास आधी ‘वॉर्निंग’. शेवटच्याची वाट बघत बसू नका. आमच्या होड्या आसऱ्याला आंजर्ल्याच्या खाडीत जातात, तिच्या तोंडाशी गाळ आहे. मोठी होडी भरतीलाच आत शिरते. म्हणून ‘अलर्ट’ हा शब्द दिसला की आम्ही लगेच पुढच्या भरतीची वेळ काढतो.