पिकअपने ओढला म्हणजे झालं? कॅम्पर ट्रेलर जोडताना या चुका टाळा

मध्यम आकाराच्या डिझेल पिकअपला छोटा कॅम्पर ट्रेलर जोडला की पहिल्याच किलोमीटरला माणूस खूश होतो. मागे काही आहे हे जाणवतच नाही. टॉर्क (फिरवण्याचा जोर) खालच्या आरपीएमलाच मिळत असल्याने गाडी निमूट चालू लागते. गोम इथेच आहे. लहान पेट्रोल गाडी जास्त वजनाला लगेच कुरकुरते, डिझेल मात्र सगळं पोटात घालतं. सामान चुकीच्या जागी असो, कपलर (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा जोड) नीट बसलेला नसो की चाकाचा हब (बेअरिंग असलेला मधला भाग) तापलेला असो, इंजिन ओढत राहतं. चूक बाहेर पडते ती उतारावर किंवा ऐंशी-नव्वदच्या वेगात. म्हणून "आरामात ओढते" हे वाक्य मी पुरावा म्हणून धरत नाही.

शेपूट हलू लागते तेव्हा

हे मी स्वतः भोगलंय. पहिल्याच लांबच्या फेरीत मागच्या स्टँडवर दोन सायकली, मागच्या कप्प्यात हत्यारांची पेटी आणि ॲक्सलच्या मागे असलेल्या टाकीत ६० लिटर पाणी. सत्तरपर्यंत सगळं झकास. पंच्याऐंशीला एक बस ओलांडून गेली. तिच्या हवेने ट्रेलरला आधी बाहेर ढकललं, मग आत ओढलं. आरशात ट्रेलरची कड डावीकडे दिसली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि दर वेळी थोडी जास्त. मी घाबरून ब्रेक दाबला. तेच करायचं नसतं. पिकअप हळू होते आणि मागचं वजन तिला ढकलत राहतं, त्यामुळे हेलकावा वाढतो. पुढे चढ लागला म्हणून वाचलो, अक्कल होती म्हणून नाही.

अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टीअरिंग सरळ धरून ठेवायचं आणि हेलकाव्याच्या उलट वळवत बसायचं नाही. पिकअपमध्ये ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर असेल, तर त्याचा हाताने चालवायचा खटका हलकेच दाबायचा. मग फक्त ट्रेलरची चाकं धरतात आणि तो मागे ताणला जाऊन सरळ होतो. "वेग वाढवला की सरळ होतो" हा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका, पुढे वेग कमी करावाच लागतो आणि तेव्हा तोच हेलकावा जास्त जोराने परत येतो.

खरं कारण आदल्या संध्याकाळी सामान भरताना तयार झालेलं असतं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार बॉलवर, म्हणजे पिकअपच्या मागे ज्या गोळ्यावर कपलर बसतो त्यावर, यायला हवा. त्यापेक्षा कमी आला की मागचं वजन लंबकासारखं झुलतं. (काही हलक्या ट्रेलरांची रचना याहून कमी भारासाठी केलेली असते, तिथे ट्रेलरच्या प्लेटवरचा आकडा मानायचा.)

मोजायला घरातला वजनकाटा पुरतो, पण ड्रॉबार (ट्रेलरचा पुढचा दांडा) थेट त्यावर टेकवला तर काटा मोडू शकतो. एक मजबूत फळी घ्या. तिचं एक टोक विटेवरच्या पाइपवर आणि दुसरं काट्यावरच्या पाइपवर ठेवा, फळी आडवी सरळ राहील असं बघा. कपलरचा भार विटेकडच्या टोकापासून एक हात आणि काट्यापासून दोन हात अंतरावर टेकवा. फळीमुळे आलेला आकडा वजा करून उरेल त्याला तीनने गुणा. ट्रेलर सपाट जमिनीवर आणि जोडल्यावर असतो तेवढ्याच उंचीवर हवा. माझ्या काट्यावर २१ किलो आले. तिप्पट ६३. ट्रेलर भरून १,२५० किलोचा, म्हणजे जेमतेम पाच टक्के. सायकली पिकअपच्या हौद्यात टाकल्या, पेटी ट्रेलरच्या पुढच्या खोक्यात नेली, पाणी सोडून दिलं. काटा ४७ वर गेला, म्हणजे १४१ किलो. ट्रेलर आता साडेअकराशेचा, त्यामुळे बारा टक्क्यांच्या वर. नवीन एकही वस्तू विकत न घेता शेपूट थांबली.

पाण्याबद्दल आणखी एक. टाकी अर्धी ठेवणं हा मधला मार्ग नाही, अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर डचमळतं. पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी करा आणि जे कराल त्याच अवस्थेत भार मोजा.

मागून बसलेली पिकअप

बॉलवरचा भार वाढवला की दुसरी चूक समोर येते. बॉल मागच्या ॲक्सलच्या बराच मागे असतो, त्यामुळे तो तरफेसारखा काम करतो. बॉल ॲक्सलपासून सव्वा मीटर मागे आणि दोन ॲक्सलमधलं अंतर ३.१ मीटर धरलं, तर बॉलवरचे १५० किलो मागच्या ॲक्सलवर सुमारे २१० होतात आणि पुढच्या चाकांवरचे साठेक किलो उचलले जातात. म्हणजे वळायचं आणि थांबायचं काम करणारी चाकंच हलकी. रात्री समोरचे लोक डिपर मारत असतील, तर तुमचे हेडलाइट आभाळ दाखवतायत.

यावर बहुतेक जण मागे एअर स्प्रिंग किंवा जास्तीचे पाटे टाकतात. गाडी दिसायला सरळ होते, पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत येत नाही. ते काम वजन पुढे वाटून देणाऱ्या हिचचं (ट्रेलर जोडायच्या सांध्याचं) आहे, आणि तेही गाडीच्या निर्मात्याने चालतं म्हटलं असेल तरच. त्याआधी हौद्यात अगदी मागे काय ठेवलंय ते बघा. भरलेले कॅन, बॅटऱ्या आणि फ्रिज केबिनच्या भिंतीला चिकटून ठेवले की अर्धा प्रश्न सुटतो.

"कंपनी ३,५०० किलो ओढते म्हणते, माझा ट्रेलर तर बाराशेचा" हा हिशेब अपुरा आहे. बॉलवरचा भार पिकअपच्या स्वतःच्या वहनक्षमतेतून वजा होतो. माणसं, हौद्यावरचं झाकण, छतावरचा तंबू, जाड बंपर, सगळं त्याच खात्यात. शिवाय पिकअप आणि ट्रेलर मिळून एकूण वजनाची वेगळी मर्यादा असते, आणि बऱ्याच गाड्यांत पूर्ण भरलेली पिकअप आणि पूर्ण वजनाचा ट्रेलर ही दोन्ही टोकं एकत्र बसत नाहीत. निघण्यापूर्वी एकदा मोठ्या वजनकाट्यावर मागचा ॲक्सल वेगळा तोलून घ्या. तोच आकडा बहुतेकांना चकित करतो.

बॉल, चेन, वायर

५० मिलिमीटर आणि २ इंच हे बॉल दिसायला सारखेच. फरक ०.८ मिलिमीटरचा. पण २ इंची कपलरमध्ये ५० चा बॉल खिळखिळा राहतो, आणि उलटं केलं तर कपलर नीट बसतच नाही. बॉलवर आणि कपलरवर माप कोरलेलं असतं, अंदाजावर जाऊ नका. कुलूप लागल्यावर जॉकी व्हील (ड्रॉबारखालचं टेकूचं छोटं चाक) फिरवून ड्रॉबार वर उचला. पिकअपचा मागचा भाग बोटभर वर आला पाहिजे. कपलर सुटून वर आला, तर तो बॉलवर नुसता टेकला होता.

चेन ड्रॉबारखालून फुलीसारख्या आडव्या न्यायच्या, म्हणजे कपलर सुटला तर नाक त्यांच्या झोळीत पडतं. आपत्कालीन ब्रेकची केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) चेनलाच अडकवणं ही नेहमीची चूक. ती पिकअपला वेगळ्या जागी बांधायची, आणि बॉल काढून ठेवता येणारा असेल तर त्या बॉलला नाही, कारण तोच निखळला तर केबल काय ओढणार?

डावा इंडिकेटर लावला की मागचे दुसरे दिवे मिणमिणतात किंवा सोबत लुकलुकतात? बल्ब बदलत बसू नका. बहुतेक वेळा अर्थिंग गेलेलं असतं. प्लगमधली अर्थची पिन घासा, चासीला वायर जिथे बोल्टने जोडलीय तिथला गंज आणि रंग खरवडा.

डिझेलची स्वतःची दुखणी

चढावर टॉर्क आहे म्हणून वरच्याच गिअरमध्ये १,३०० आरपीएमवर रेटत नेणं हे काटकसर वाटतं, पण असते मारझोड. इंधन भरपूर, हवा कमी, धुराचं तापमान चढतं, आणि पाण्याचा पंप इंजिनाबरोबरच मंदावलेला. एक गिअर खाली घेऊन दोन-अडीच हजारांवर ठेवा. आवाज वाढेल, तापमान उतरेल. ऑटोमॅटिक असेल आणि ती दोन गिअरमध्ये सारखी वर-खाली करत असेल, तर टो मोड (ट्रेलर ओढण्यासाठीचा मोड) लावा किंवा वरचे गिअर हातानेच बंद करा. त्या वर-खालीत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलावर चालणारा जोड) घसरत राहतो आणि गिअरबॉक्सचं तेल तापतं. तरीही इंजिन तापलं तर रेडिएटर आणि इंटरकूलरच्या पात्यांमध्ये चिखल-किडे अडकलेत का ते आधी बघा.

उतारावर गंमत उलटी. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल मिटला की जो रोध तयार होतो, तो डिझेलमध्ये तसा नसतो, त्यामुळे एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिन मंदावणारा) नसलेली डिझेल पिकअप मागच्या वजनाला फारशी धरत नाही. उतार सुरू होण्याआधी गिअर खाली घ्या, मध्यावर नाही. ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्यापेक्षा एकदा ठामपणे दाबून वेग उतरवा आणि सोडा.

मोठा चढ संपवून लगेच किल्ली फिरवू नका. दोन-तीन मिनिटं इंजिन नुसतं चालू द्या, नाहीतर तापलेल्या टर्बोत तेल जळून बसतं. पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) असलेल्या गाडीत पंख्याचा आवाज वाढलाय, आयडल चढलाय आणि गरम वास येतोय, तर फिल्टर स्वतःला जाळून साफ करतोय. ते पूर्ण होऊ द्या. आणि तशा अवस्थेत सुक्या गवतात गाडी उभी करू नका. कॅम्परवाले नेमके तिथेच वळतात.

टायर आणि हब

छोट्या ट्रेलरचे टायर झिजून कमी आणि वयाने जास्त जातात. बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कोरी दिसली तरी बदला. हवा थंड टायरात तपासा. ट्रेलरसाठीच्या अनेक टायरांची वेगमर्यादा १०५ किलोमीटरच्या आसपास असते, पिकअपचा स्पीडोमीटर काहीही दाखवो.

पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा आणि हात प्रत्येक हबजवळ न्या, लगेच चिकटवू नका. सगळे सारखे कोमट असतील तर ठीक. एकच तापलेला असेल, तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक. चाक जॅकवर घेऊन फिरवा. घरघर आली तर बेअरिंग, फिरवताना जड गेलं तर ब्रेक. बेअरिंग वर्षातून एकदा उघडून ग्रीस भरून घ्यावं, ट्रेलर फारसा फिरला नसला तरी.

रिव्हर्सचं एवढंच सांगतो. हात स्टीअरिंगच्या तळाला धरा, ट्रेलरची शेपूट जिकडे न्यायचीय तिकडे हात सरकवा, आणि बिघडलं की पुढे येऊन सरळ करा. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा लवकर दुमडतो, त्यामुळे छोटा म्हणून सोपा असं समजू नका.

मुक्कामाला पोहोचल्यावरही घाई नडते. एकदा मी आधी कपलर उघडला आणि मग चाकांना लावायचे ठोकळे शोधायला गेलो. जमीन सपाट वाटत होती. जॉकी व्हील मातीत वितभर रेघ ओढत गेलं आणि ड्रॉबार पिकअपच्या नंबर प्लेटमध्ये घुसला. ती वाकलेली प्लेट मी मुद्दाम सरळ केलेली नाही. आता आधी ठोकळे, मग प्लग, मग चेन आणि कपलर सगळ्यात शेवटी.