जबड्यात हाड भरताना या चुका टाळा

ग्राफ्ट, म्हणजे जबड्यात भरलेलं हाड, फसला की पहिला दोष हाडाच्या पावडरच्या बाटलीला जातो. कंपनी बदलली जाते, महागडी पावडर मागवली जाते. पण वरची हिरडी मिटून राहिली नाही तर स्वस्त आणि महाग दोन्ही सारखेच वाया जातात.

सगळ्यात जास्त केसेस बिघडतात त्या फ्लॅप, म्हणजे कापून उचललेली हिरडी, ताणून शिवल्यामुळे. हाड भरलं की रिज (दात नसलेल्या जागेचा हाडाचा उंचवटा) रुंद होते, वर मेम्ब्रेन (हाड झाकणारा पातळ पडदा) येतो आणि आधी सहज मिळणाऱ्या कडा आता भेटत नाहीत. मग दोरा आवळला जातो. त्या दिवशी सगळं छान दिसतं, पण आवळलेल्या कडेला रक्त पोचत नाही. आठवड्याभरात पेशंट येतो: "डॉक्टर, तोंडात रवा असल्यासारखं कचकचतंय." पाहावं तर टाके उसवलेले आणि मधून पांढरा मेम्ब्रेन डोकावतोय. इथे घाबरून पुन्हा शिवायला बसू नका. कडा सुजून ठिसूळ झालेल्या असतात. दोरा मांस कापत बाहेर येतो आणि भोक वाढतं. कोलॅजेनचा मेम्ब्रेन असेल तर 0.2 टक्के क्लोरहेक्सिडिनच्या (जंतुनाशक माउथवॉश) हलक्या चुळा दिवसातून दोनदा, त्या जागी ब्रश बंद आणि दर आठवड्याला तपासणी. बहुतेकदा हिरडी हळूहळू भरून येते, थोडं हाड जातं. पू दिसला तर मात्र ग्राफ्ट काढून जागा साफ करा.

हे टाळायचं तर फ्लॅप हाड भरण्याआधीच सैल करा, म्हणजे रक्तस्रावही तोवर थांबतो. 15 नंबरचं नवं ब्लेड घ्या. फ्लॅपच्या आतल्या बाजूने फक्त पेरिऑस्टियम (हाडाला चिकटून असलेला पातळ थर) कापणारा एकच सलग छेद द्या, खोली अर्धा ते एक मिमी. सैल झालेला फ्लॅप समोरच्या कडेवर 4-5 मिमी न ओढता चढला पाहिजे. चढत नसेल तर पावडरची बाटली उघडूच नका. खालच्या प्रीमोलरपाशी (सुळ्यामागचे दात) मेंटल नर्व्ह, म्हणजे खालच्या ओठाची नस, डोळ्यांनी दिसल्याशिवाय ब्लेड लावायचं नाही. आधी हॉरिझॉन्टल मॅट्रेस (कडांपासून दूर घेतलेले आडवे टाके), मग सुटे टाके. काढायचे 10 ते 14 दिवसांनी.

दुसरी चूक तात्पुरत्या कवळीची. घरात लग्न असतं, पेशंटला समोरचा दात लगेच हवा असतो आणि डॉक्टर नाही म्हणत नाहीत. कवळी प्रत्येक घासाला ग्राफ्ट दाबते. कण हलत राहिले की तिथे हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते. पहिले दोन आठवडे कवळी नको. नंतरही आतून 2-3 मिमी घासूनच द्या. शेजारच्या दातांना चिकटवलेला तात्पुरता दात कधीही बरा.

कण ठासून भरू नका, मधून रक्तवाहिन्यांना शिरायला जागा हवी असते. बाहेरच्या कडक कॉर्टिकल हाडाला बारीक बरने (ड्रिलचं टोक) भोकं पाडून रक्त येऊ द्या. तंबाखू, मिश्री, सिगारेट चालू असेल तर केस पुढे ढकला. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं, विशेषतः झोलेड्रोनिक ॲसिड, विचारल्याशिवाय तारीख देऊ नका. ग्राफ्ट गायीच्या हाडाचा आणि मेम्ब्रेन डुकराच्या कोलॅजेनचा असू शकतो. हे संमतीपत्रावर सही घेण्याआधी स्पष्ट सांगा.

तिसऱ्या महिन्यात एक्स-रे पांढराशुभ्र दिसला म्हणून इम्प्लांट (कृत्रिम दाताचा हाडात बसणारा स्क्रू) टाकायची घाई होते. गायीच्या हाडाचे कण मुळातच एक्स-रेत पांढरे दिसतात. तो पांढरेपणा म्हणजे नवं हाड नव्हे. रिजला चार ते सहा महिने द्या, सायनस लिफ्टला (वरच्या मागच्या दातांवरच्या पोकळीचा तळ उचलून भरलेलं हाड) सहा ते नऊ.