दाढीचं ब्लेड: निवडायचं कसं, टिकवायचं कसं

"सगळ्यात धारदार ब्लेड कुठलं?" सेफ्टी रेझर नव्याने हातात घेणारा हमखास हेच विचारतो. मीही तेच विचारलं, जपानी 'फेदर' कंपनीचं ब्लेड आणलं आणि आठवडाभर मानेवर लाल पुरळ घेऊन फिरलो. ब्लेड उत्तम होतं, पण तेव्हाच्या माझ्या हाताला झेपणारं नव्हतं.

दोन्ही बाजूंना धार असलेली ही ब्लेडं मापाने सारखीच असतात: साधारण ४३ मिमी लांब, २२ मिमी रुंद आणि जेमतेम ०.१ मिमी जाड. म्हणून एका कंपनीचं ब्लेड दुसऱ्या कंपनीच्या रेझरमध्ये बिनदिक्कत बसतं. फरक असतो तो पोलादात, धार लावण्याच्या पद्धतीत आणि धारेवरच्या लेपात. पाकिटावर 'प्लॅटिनम' किंवा 'क्रोमियम' लिहिलेलं असतं ते या लेपाबद्दल. त्यावर बहुधा टेफ्लॉनसारखा एक थरही असतो, ब्लेड कातडीवरून सहज घसरावं म्हणून.

सुरुवात मिश्र पाकिटापासून करा. चार-पाच जातींची थोडी थोडी ब्लेडं घ्या. शंभराचा खोका इतक्यात नको. फेदर फार तीक्ष्ण, तुर्की डर्बी तुलनेने सौम्य, अशी ख्याती आहे. पण ख्यातीवर फार जाऊ नका. राठ दाढीवर सौम्य ब्लेड अडखळतं आणि उलट जास्त ओरबाडतं.

चाचणी चालू असताना रेझर, साबण आणि ब्रश बदलायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच दोष कुणाचा ते कळतं. प्रत्येक ब्लेडला किमान तीन दाढ्या द्या. पहिली दाढी कधी कधी खरखरीत होते आणि दुसरीला तेच ब्लेड सुतासारखं सरळ येतं.

आता लक्षणं ओळखायची. केस ओढल्यासारखे वाटले तर ते ब्लेड तुमच्या दाढीला बोथट पडतंय, किंवा खुंट नीट भिजलेले नाहीत. दोन-तीन मिनिटं कोमट पाणी लावून ठेवलं की केस बराच मऊ होतो, तेव्हा आधी पाण्याला संधी द्या. केस ओढले जात नाहीत, पण नंतर आग होते? मग बहुतेक हात जड आहे किंवा कोन चुकलाय. ब्लेड आणि कातडी यांच्यात साधारण ३० अंशांचा कोन ठेवा आणि जोर रेझरच्या वजनाचाच असू द्या. शेवटी ओल्या चेहऱ्यावरून तुरटी फिरवा. जिथे झोंबेल तिथे तुम्ही खरवडलंय.

ब्लेड बसवताना आखूड बाजूंनी धरा, धारेकडून कधीच नाही. रेझर आवळल्यावर दोन्हीकडे ब्लेड सारखंच बाहेर दिसतंय ना, ते पाहा. एकीकडे जास्त डोकावत असेल तर सैल करून पुन्हा बसवा.

निगा म्हणाल तर ती बरीचशी हात आवरण्यातच आहे. टॉवेलने धार पुसणं ही सगळ्यात मोठी चूक: लेप खरवडला जातो, धार मुडपते आणि बोट कापतं ते वेगळंच. दाढी झाली की रेझरचं डोकं थोडं सैल करून वाहत्या पाण्याखाली धरा, साबणाचा फेस निघून जाऊ द्या, झटका आणि हवेशीर जागी ठेवा. रोज ब्लेड काढून सुकवण्याची मला तरी गरज वाटत नाही.

तरीही धार जातेच, आणि त्याला फक्त गंज कारण नसतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असलेला केसही धारेचे सूक्ष्म टवके काढतो, विशेषतः केस वाकतो तेव्हा. म्हणजे दाढी नीट भिजवणं हीदेखील ब्लेडचीच निगा. बहुतेकांचं ब्लेड तीन ते सहा दाढ्या चालतं, पण आकड्यापेक्षा गालाचं ऐका. ओढ जाणवली की त्याच दिवशी बदला. 'अजून एकदा' म्हणूनच बहुतेक जखमा होतात.

जुनं ब्लेड उघडं कचऱ्यात टाकू नका, कचरा उचलणाऱ्याचा हात कापेल. पत्र्याच्या बंद डब्याला वरून एक चीर पाडा आणि त्यातून आत सोडत जा. ब्लेडं इतकी पातळ असतात की डबा भरायला वर्षं लागतात. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करा आणि डबा धातूच्या भंगारात द्या, आत ब्लेडं आहेत हे सांगून.